३१ मेपर्यंत भार उतरवा

मुदत ३१ मेची आहे. ७ जूनला मृग लागतो. भिवंडीत पहिला जोराचा पाऊस झाला की जिन्याखालच्या मीटरच्या पेट्यांत पाणी शिरते आणि कारखान्यांच्या भिंती ओल धरतात. वर्षभर ज्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, त्या इमारतींना मग धोकादायक म्हणून नोटिसा चिकटतात. त्या नोटिसा चिकटायच्या आत हे सांगतो आहे. कारखानदार सेठ, इमारतींचे मालक, गोदामवाले, काप आळीतल्या महापालिकेचे अधिकारी, गावोगावचे सरपंच आणि वीज विकणारी मंडळी, हा इशारा तुम्हा सर्वांना आहे. मुदत टळली तर १ जूनला मी काय करणार तेही यात लिहिले आहे. ते पुरते वाचा आणि मगच मला निरोप पाठवा.

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. पस्तीस वर्षे या गावात वायरिंग करतो आहे. यंत्रमागाच्या मोटारी जोडायच्या, मेन स्विच बसवायचा, अर्थिंगचा खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरायचा आणि सगळे झाले की टेस्ट रिपोर्ट द्यायचा, हे माझे काम. हा कागद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवी जोडणी घेताना किंवा भार वाढवून घेताना ठेकेदाराने लिहून द्यावे लागते की मी हे वायरिंग तपासले आहे, मेगरने तारांचे इन्सुलेशन मोजले आहे, अर्थिंग मोजले आहे, यात वीज सोडायला हरकत नाही. त्या सहीवर वीज येते.

अशा बऱ्याच सह्या मी मेगर पेटीतून बाहेर न काढता केल्या आहेत.

हे कबूल करायला मला फार उशीर झाला. कारण सांगतो, पण त्याने माझा दोष कमी होत नाही. ताण्याच्या सुताचे बीम खळ लावून सायझिंगवरून येऊन पडलेले असतात, सूतवाल्याचे व्याज चढत असते, कारागीर दुसऱ्या कारखान्यात निघून जायच्या बेतात असतात आणि सेठ दारात उभा राहून विचारत असतो, ‘अजून किती वेळ?’ अशा वेळी तपासणीला दोन तास मागणारा ठेकेदार वेडा ठरतो. मी दोन तास मागितले तर पलीकडचा दहा मिनिटांत सही देतो. इन्सुलेशनचा रोध एक मेगओहमच्या खाली नसावा असा दंडक आहे. म्हणून न मोजता भरलेल्या रिपोर्टांत तोच एक सुरक्षित आकडा सर्किटामागून सर्किटाला लिहिलेला सापडतो. खरे मोजले तर दोन सर्किटांचे आकडे सहसा सारखे येत नाहीत. जाणकाराने असा कागद हातात घेतला तर एका मिनिटात त्याच्या लक्षात येईल. पस्तीस वर्षांत मला एकानेही हटकले नाही.

आमच्या धंद्यात ‘भार’ हा शब्द दिवसातून वीस वेळा येतो. मंजूर भार, जोडभार, भारवाढ. बिलावर तो छापलेला असतो. बांधकामाच्या इंजिनिअरच्या तोंडीही तोच शब्द: स्लॅबवरचा भार, तुळईवरचा भार, खांबावरचा भार. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत भिवंडी जी वाढली ती या दोन्ही भारांची मंजुरी ओलांडून वाढली. वीस अश्वशक्ती मंजूर आणि तीस लावलेली. तळमजला अधिक एक मंजूर आणि वर आणखी दोन चढवलेले. एक हिशेब वीजवाल्यांच्या फायलीत, दुसरा महापालिकेच्या फायलीत. त्या फायली एकमेकींना कधी भेटत नाहीत. इमारत एकच असते आणि दोन्ही भार तीच वाहते.

साध्या मागाचे घ्या, कारण गावात अजून तोच जास्त आहे. एका मागाला एक अश्वशक्तीच्या आसपासची मोटार. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला हातिया फणीसकट कापडावर आदळतो. एका मागाचा ठोका पायाला कळतो. चोवीस मागांचा दातांत कळतो. माग तळमजल्यावर असतील तर हा ठोका जमिनीत जिरतो. पहिल्या मजल्यावर त्याला जिरायला जागा नसते. स्लॅबमधून तो तुळईत जातो, तुळईतून खांबात आणि खांबातून वरच्या मजल्यावर टांगलेल्या बाळाच्या झोळीत. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस. काँक्रीटला बारीक चिरा पडतात, चिरांतून ओल शिरते, सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि आतून काँक्रीट फोडून काढते. आपण म्हणतो पोपडा पडला. गवंडी बोलावून गिलावा करून घेतो आणि रंग मारतो.

त्याच स्लॅबमधून माझ्या तारांचा पाइप गेलेला असतो. ओल त्यातही उतरते. मागाचा सांगाडा लोखंडी आहे. अर्थिंग धड नसेल तर पावसाळ्यात माग अंगाला झिणझिण्या आणतो. कारागीर तक्रार करत नाही. तो पायात रबरी चप्पल घालतो आणि पायाखाली गोणपाट टाकतो. हा उपाय मी इतक्या कारखान्यांत पाहिला आहे की तो मला विचित्र वाटेनासा झाला होता. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार घालतात. फ्यूजने स्वतः जळून बाकीच्यांना वाचवायचे असते. तो जळेनासा केला की भिंतीतली तार जळते. छतापासून मेन स्विचपर्यंत सुताची धूळ साचलेली असते, तिला ठिणगी पुरते.

आता सत्तावीस अश्वशक्तीची गोष्ट. वीजदरात यंत्रमागांचे दोन भाग आहेत, वीस किलोवॅटपर्यंतचे आणि त्यावरचे. वीस किलोवॅट म्हणजेच सत्तावीस अश्वशक्ती. २०२४ मध्ये सरकारने जी वाढीव सवलत दिली तीही याच रेषेवर: सत्तावीसच्या खाली युनिटमागे १ रुपया, त्यावर २०१ अश्वशक्तीपर्यंत ७५ पैसे. लहान कारखानदाराला आधार मिळावा म्हणून ही रेषा आखली आणि हेतू चांगलाच होता. पण तिच्यापायी एकाच छपराखाली तीन-तीन मीटर लागले. एक सेठच्या नावावर, एक बायकोच्या, एक धाकट्या भावाच्या. प्रत्येक मीटर रेषेच्या खाली. तीन मीटरचे तीन मेन स्विच तीन कोपऱ्यांत. आग लागली तर वीज तोडायला कोणत्या कोपऱ्याकडे धावायचे हे कालच गावाहून आलेल्या कारागिराला कोणी सांगितलेले नसते. अशी वाटणी मी स्वतः करून दिली आहे आणि तिचे पैसे घेतले आहेत.

जुलै २०१६ संपता संपता गैबीनगरमध्ये इमारत पडली. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली, त्यांत लहान मुले कितीतरी. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्याच्या वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली. तिच्यात खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे होती. ती भर दुपारी पडली, पाऊसही लागला नव्हता. आठ माणसे मेली. या सगळ्यांच्या आधी, ४ एप्रिल २०१३ ला, शिळफाट्याची लकी कंपाउंड इमारत बांधून पुरी व्हायच्या आतच पडली होती आणि ७४ जण मेले होते. प्रत्येक ठिकाणचे कारण एकच होते असे मी म्हणत नाही. सगळ्या ठिकाणी भार चढवणारे हात होते आणि ‘थांब’ म्हणणारा हात नव्हता, एवढे मात्र म्हणतो. जिलानीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन याचिका दाखल करून घेतली. आमच्या गावातल्या एका इमारतीचे नाव त्या खटल्याला कायमचे चिकटले आहे. भिवंडीचे नाव देशभर व्हायचे ते कापडामुळे व्हायला हवे होते.

वीज विकणाऱ्यांशी आता बोलतो, आणि नीट हिशेबाने बोलतो. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीत वीज वाटायचे काम महावितरणने टोरेंट पॉवरकडे दिले. अशा तऱ्हेचा देशातला तो पहिला प्रयोग. पुढे २०१७ मध्ये करार आणखी दहा वर्षांनी वाढला. सुरुवातीला इथला गळतीचा आणि न वसूल झालेल्या बिलांचा एकत्रित तोटा ५८ टक्क्यांच्या घरात होता, थोड्याच वर्षांत तो विसाच्या आसपास आला. व्यवहार सरळ आहे: महावितरणकडून वीज घाऊक घ्यायची, गावात मीटरवर किरकोळ विकायची, गळती जेवढी कमी तेवढी मिळकत जास्त. म्हणून जुने मीटर गेले, तारा आणि रोहित्रे बदलली, भरारी पथके गल्लोगल्ली फिरली, चोरीचे गुन्हे दाखल झाले. बिलांवरून मोर्चेही निघाले, त्या भांडणात आज मला शिरायचे नाही. मला त्यातले एकच दिसते. पैसा गळत होता तेव्हा तो नेमका कोणत्या खांबावरून, कोणत्या तारेतून गळतो ते शोधून काढता आले. म्हणजे शोधणारी माणसे आहेत, यंत्रे आहेत, चिकाटीही आहे.

ती चिकाटी मीटरपाशी येऊन थांबते. मीटरपर्यंतची जबाबदारी वीजवाल्यांची, मीटरच्या पुढची ग्राहकाची, असा नियम आहे. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली मंजुरीपेक्षा जास्त भार सापडला तर दुप्पट दराने आकारणी होते. कलम १३५ खाली वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जास्तीच्या भाराचे पैसे भरले, भारवाढ मंजूर करून घेतली की कागद पुरा होतो. त्या वाढलेल्या भाराला भिंतीतली जुनी तार पुरेल का, आणि जे नवे आठ माग लागले ते ज्या स्लॅबवर उभे आहेत तो स्लॅब त्यांना पेलेल का, हे त्या कागदात कुठेच विचारलेले नसते. युनिटामागे पैशापैशाचा हिशेब लागतो. मीटरच्या पलीकडे माणसे झोपलेली असतात.

लकी कंपाउंड पडल्याला वीस दिवस होत होते तेव्हा, २४ एप्रिल २०१३ ला, ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा कोसळली. ती गोष्ट भिवंडीतल्या प्रत्येक कारखानदाराने वाचायला हवी, कारण ती आपलीच आहे. दुकाने आणि कचेऱ्यांसाठी बांधलेली इमारत. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले. त्यांवर शिलाईचे कारखाने आणि वीज गेली तर म्हणून वरच्याच मजल्यांवर ठेवलेले जड जनरेटर. आदल्या दिवशी खांबांना तडे दिसले. खालची बँक बंद झाली, दुकाने बंद झाली, कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले. नऊच्या सुमाराला वीज गेली, जनरेटर सुरू झाले, त्यांची थरथर त्या तडकलेल्या खांबांत उतरली आणि काही क्षणांत सगळे खाली आले. ११०० हून जास्त माणसे गेली. विजेचा भार आणि बांधकामाचा भार एका क्षणी एकत्र आले की काय होते ते तिथे दिसले.

त्यापुढचे जास्त महत्त्वाचे आहे. बांगलादेश हा लहान देश, निर्यातीतला सिंहाचा वाटा तयार कपड्यांचा. हा धंदा बसला तर देश बसणार, म्हणून कोणी हात लावणार नाही, असेच सगळ्यांना वाटत होते. पण परदेशी कपडे कंपन्या आणि कामगार संघटना यांनी त्याच वर्षी कायद्याने बांधील असा करार केला. २०० च्या वर कंपन्या त्यात आल्या आणि १६०० हून जास्त कारखाने तपासले गेले. तपासणीला तीन तऱ्हेचे इंजिनिअर जात: बांधकामाचे, आगीचे आणि विजेचे. जो कारखानदार दुरुस्ती करायला नकार देईल त्याला त्या कंपन्यांची ऑर्डर बंद. वायरिंग उपसून नवे घातले गेले, खांबांना जाकिटे बसली, काही इमारती रिकाम्या केल्या गेल्या. निर्यात बुडाली नाही. पुढच्या दहा वर्षांत ती वाढली.

म्हणून ‘इतकी कडक तपासणी केली तर धंदा सुरतेला जाईल’ हे मला ऐकवू नका. मंदी मला दिसते. भंगारात मोडलेले माग मी पाहिले आहेत, त्यांच्या मोटारी मीच सोडवल्या आहेत. सूत महाग, कापडाला भाव नाही, साधा माग बिनधोट्याच्या रॅपियर मागापुढे टिकत नाही, हे सगळे खरे आहे. पण भिवंडीतला एकही माग अर्थिंगच्या खर्चाने बंद पडलेला मी पाहिला नाही. अर्थिंगचा एक चांगला खड्डा आणि दाराजवळचा एक मुख्य स्विच याला जेवढे लागतात तेवढे पैसे एका लग्नाच्या मांडवावर आपण सहज घालवतो.

गोदामांचे आता, आणि ते माझ्या घरापासून. माझे वडील राहनाळकडच्या शिवारात भात लावायचे. मुंबईत माल नेला की जकात, म्हणून माल मुंबईच्या हद्दीबाहेर ठेवायचा, गरजेपुरता आत न्यायचा, अशी व्यापाऱ्यांची रीत होती आणि त्या रीतीवर आमच्या खाचरांत पत्रे उभे राहिले. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी, दापोडे, माणकोली, वळ. १ जुलै २०१७ ला जकात गेली, वस्तू व सेवा कर आला, तरी गोदामे कमी झाली नाहीत, उलट मोठी झाली. आता समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत येऊन मिळाला आहे, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाला, आणि जमिनीचे भाव ऐकून आमची मुले भाताची जात विसरली. आमच्या जमिनीवर मीही शेड बांधली. ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर बांधली. पुढे भाडेकरूने पोटमाळा मागितला, तो घातला. पोटमाळ्यावर त्याने माल ठेवला आणि मालाबरोबर हमालही झोपायला ठेवले. मी भाडे घेत राहिलो. या जानेवारीत मी तो पोटमाळा उतरवला, वरची वीज तोडली आणि त्या पोरांची सोय खाली वेगळ्या खोलीत केली. भाडे कमी झाले. हे सांगतो ते एवढ्यासाठी की जे मी स्वतः केले नाही ते तुमच्याकडून मागत नाही.

‘गोदाम’ म्हणून घेतलेल्या जोडणीवर आत काय चालते हे सरपंचाला ठाऊक असते. पॅकिंगची यंत्रे, माल सरकवणारे पट्टे, कुठे थंड खोल्या, कुठे रसायनांची पिंपे. आग लागली की शहराचे बंब निघतात, ठाण्याहून आणि कल्याणहून मागवावे लागतात, आणि अंजूरफाट्याच्या कोंडीत ते किती वेळ उभे असतात हे रस्त्यावरच्या कोणालाही विचारा. आगीच्या यंत्रणा चालू आहेत असा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. तो दाखला बऱ्याच ठिकाणी माझ्या टेस्ट रिपोर्टासारखाच जन्माला येतो. माझ्याइतके ते कोणाला ओळखता येणार?

तर ३१ मेपर्यंत हे व्हायला हवे.

पहिल्या किंवा त्यावरच्या मजल्यावर माग आहेत त्या कारखानदारांनी ते खाली उतरवावेत. खाली जागा नसेल तर निदान स्लॅब तपासून होईपर्यंत ते बंद ठेवावेत. तपासणारा इंजिनिअर स्वतः जिना चढून आलेला असावा. फोटोवरून दिलेला दाखला मी दाखला मानणार नाही, आणि इमारत पडल्यावर न्यायालयही मानेल असे वाटत नाही. एका छपराला कितीही मीटर असोत, सगळी वीज एका हाताने तोडता येईल असा स्विच दाराशी बसवावा आणि दोन्ही पाळ्यांच्या प्रत्येक कारागिराला तो ओढायला शिकवावा. त्यांच्या भाषेत शिकवावा. जिथे बिसी, म्हणजे कारागिरांची खाणावळ, चालते आणि त्याच छपराखाली गॅसच्या टाक्या आहेत तिथे स्वयंपाक आजच्या आज बाहेर हलवावा, यासाठी ३१ मेची वाट पाहू नये.

तीस वर्षांवरच्या इमारतींची तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा मालकांना मी नवे काही सांगत नाही. महापालिकेला सांगतो. भाडेकरू धोकादायक इमारत सोडत नाही तो मरायची हौस म्हणून नव्हे. एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही त्याची भीती आहे, आणि मालकांनी ती अनेकदा खरी करून दाखवली आहे. नोटीस चिकटवायच्या आधी प्रत्येक बिऱ्हाडाची जागा मोजा, मोजमापाचा शिक्का मारलेला दाखला त्याच्या हातात द्या, आणि पावसाळ्यापुरते राहायला छप्पर द्या. मग नोटीस चिकटवा. पाणी आणि वीज तोडून माणसांना हुसकावणे हा शेवटचा उपाय असू शकतो, पहिला नाही.

वीज वाटणाऱ्यांनी भरारी पथकाच्या गाडीत मेगर आणि अर्थ टेस्टर ठेवावेत. चोरी शोधायला आत गेलेच आहात तर पाच मिनिटे अर्थिंगही मोजा. गेल्या दहा वर्षांतल्या टेस्ट रिपोर्टांतून काही उचलून जागेवर फेरतपासणी करा आणि खोटे सापडले तर ठेकेदाराचे नाव अनुज्ञापक मंडळाला कळवा. माझेही नाव त्यात निघेल. निघू द्या.

सरकारचे काम तर एका ओळीचे आहे. वीज सवलतीसाठी यंत्रमागधारकांना ऑनलाइन नोंदणीची अट घातलीत तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्याच अर्जात दोन रकाने वाढवा, अर्थिंगचा दाखला आणि स्लॅबचा दाखला. तपासणीचा खर्च पहिल्या वर्षी सवलतीतूनच द्या. युनिटामागे रुपया देणाऱ्याला एवढे विचारायचा अधिकार आहे.

आणि माझ्या ठेकेदार बांधवांनो, ज्यांनी माझ्यासारख्याच सह्या केल्या त्या सगळ्यांनो, १ जूनच्या आत तुम्ही स्वतः जाऊन सांगितलेत तर तुमची लाज थोडी तरी राखली जाईल. नंतर मला दोष देऊ नका.

आता १ जून. माझ्या दुकानातल्या लोखंडी कपाटात मी दिलेल्या प्रत्येक टेस्ट रिपोर्टाची दुसरी प्रत आहे. न मोजता सही केलेले रिपोर्ट मी वेगळे काढले आहेत. किती आहेत ते मोजले आहे, तो आकडा आधी विद्युत निरीक्षकांना सांगेन. १ जूनला सकाळी त्यांतला एकेक कागद मी लेखी मागे घेणार आहे: ही सही खोटी आहे, ही जागा तपासा. त्याच्या प्रती महापालिका आयुक्तांना, गोदामांच्या भागासाठी एमएमआरडीएला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला जातील. पोच घेतल्याशिवाय मी एकाही कचेरीतून हलणार नाही. यादीत पहिले नाव माझ्या स्वतःच्या शेडचे आहे. माझा परवाना मी त्याच दिवशी जमा करणार आहे. माझ्यावर गुन्हा दाखल होईल, तो व्हायलाच हवा. त्या यादीतली एखादी इमारत पुढे पडली, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर त्या दिवसापासून कोणालाही देता येणार नाही.

मला समजावायला माणसे येतील हे मी धरून चाललो आहे. काही धमकवायलाही येतील. त्यांना आताच सांगून ठेवतो: त्या कागदांच्या छायाप्रती तीन वेगळ्या घरांत ठेवल्या आहेत आणि त्या घरांतल्या माणसांना तारीख ठाऊक आहे.

जो ३१ मेच्या आत दुरुस्ती करून घेईल त्याचा कागद मी यादीतून काढेन, पण स्वतः मोजून, मालकासमोर, आकडा मोठ्याने वाचून. शुक्रवारी माग बंद असतात. हे लिहितो आहे त्या दिवसापासून मुदतीपर्यंत अकरा शुक्रवार उरले आहेत. दर शुक्रवारी सकाळी सातला मेगर, अर्थ टेस्टर आणि दोन माणसे घेऊन मी दुकान उघडून बसतो. जो आधी बोलावेल त्याच्याकडे आधी जाईन. पैसे घेणार नाही. येताना कारखान्याची किल्ली आणि शेवटचे बिल आणा, मंजूर भार त्याच्यावर छापलेला असतो.